कॅमेऱ्याची साक्ष – भाग ९ : गाळलेली तेरा सेकंदं

या आठवड्यात कोरियाटाउनबद्दल लिहितो, असं सांगून ठेवलं होतं. ते एक आठवडा पुढे ढकलतोय. १९९२च्या लॉस एंजेलिस दंगलीवरच्या ‘एलए ९२’ या माहितीपटाबद्दलचा गेल्या वेळचा लेख वाचून सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न बाजूला सारून पुढे जाणं मला जमेना. हे गृहस्थ न्यायालयात लघुलेखक होते, आता निवृत्त आहेत. ते विचारतात, ‘रॉडनी किंगला झालेली मारहाण साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिली, असं तुम्ही लिहिलंत. मग ज्युरीच्या बारा जणांनी ती पाहिली नव्हती का? पाहिली असेल, तर त्यांना तिच्यात दिसलं तरी काय?’

पाहिली होती. आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा पाहिली होती. पूर्ण वेगात पाहिली, संथ करून पाहिली, एकेक चौकट थांबवून पाहिली. शिवाय सुरुवातीची अशी काही सेकंदं पाहिली, जी टीव्हीच्या बहुतेक प्रेक्षकांच्या नजरेला कधी पडलीच नव्हती. जुन्या चित्रणातून उभे राहणारे माहितीपट इतकी वर्षं मी ज्या ओढीनं पाहत आलो, त्या ओढीच्या मुळाशी असलेल्या गोष्टीवरच या पत्रानं बोट ठेवलंय. म्हणून आजचा लेख मुख्यतः त्या एका फितीवर.

३ मार्च १९९१. शनिवारची मध्यरात्र उलटून रविवार लागला होता. लॉस एंजेलिसच्या उत्तर टोकाला लेक व्ह्यू टेरेस नावाची वस्ती आहे. तिथल्या एका अपार्टमेंटमध्ये जॉर्ज हॉलिडे राहायचा. प्लंबिंगच्या धंद्यातला साधा माणूस. सायरन आणि डोक्यावर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर यांच्या आवाजानं त्याची झोप मोडली. सोनीचा हँडीकॅम त्यानं नुकताच घेतला होता, आणि नवा कॅमेरा घरात आला की माणूस दिसेल ते टिपत सुटतो. त्याच टेपवर त्याआधी जवळच चाललेल्या ‘टर्मिनेटर २’च्या शूटिंगची दृश्यं होती. ज्या चित्रपटातला खलपुरुष लॉस एंजेलिस पोलिसाचा गणवेश घालून हिंडतो, तोच हा चित्रपट. हॉलिडे कॅमेरा घेऊन बाल्कनीत आला. रस्त्यापलीकडे पोलिसांच्या गाड्यांचे दिवे होते, वरून हेलिकॉप्टरचा झोत पडला होता, आणि त्या उजेडात जमिनीवर एक माणूस होता.

तो रॉडनी किंग. वय २५. पॅरोलवर सुटलेला, दारू प्यायलेला, पोलीस मागे लागलेले असताना बराच वेळ गाडी न थांबवलेला. हे सगळं खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. त्यानंतर जे घडलं तेही खरं आहे. टेसर गनचे झटके, दंडुक्याचे पन्नासहून अधिक फटके, लाथा. आजूबाजूला वीसेक पोलीस उभे होते. पुढे खटला झाला तो चौघांवर : सार्जंट स्टेसी कून, लॉरेन्स पॉवेल, टिमथी विंड आणि थिओडोर ब्रिसेनो.

हॉलिडेनं आधी पोलीस ठाण्यातच फोन लावला. आपल्याकडे काय आहे हे सांगायला आणि त्या माणसाचं पुढे काय झालं हे विचारायला. तिथे कुणी फारशी दाद दिली नाही. मग त्यानं टेप केटीएलए या स्थानिक वाहिनीकडे नेली. वाहिनीनं त्याला ५०० डॉलर दिले. ४ मार्चच्या संध्याकाळी ती पहिल्यांदा दाखवली गेली. सीएनएननं ती उचलली आणि एक-दोन दिवसांत ती जगभर पोचली. टीव्हीच्या इतिहासात एका हौशी माणसाचं चित्रण इतक्या वेळा दाखवलं जाण्याची ही पहिलीच मोठी वेळ म्हणायला हरकत नाही.

पण जगभर पोचली ती अख्खी टेप नव्हती.

टेपच्या सुरुवातीला किंग जमिनीवर आहे. मग तो उठतो आणि पॉवेलच्या दिशेनं झेपावतो. हा भाग जेमतेम तीन सेकंदांचा. त्यानंतर कॅमेरा हलतो, फोकस सुटतो आणि दहाएक सेकंद पडद्यावर नुसत्या धूसर आकृत्या दिसतात. फोकस पुन्हा जुळतो तेव्हा दंडुके चालू झालेले असतात. केटीएलएच्या संकलनात ही पहिली तेरा सेकंदं गेली. यात कसला कट होता असं मला वाटत नाही. बातमीपत्राचं संकलन ज्यानं कधी जवळून पाहिलंय त्याला हे लगेच कळेल. धूसर चित्र टीव्हीवर वाईट दिसतं, प्रेक्षकाला वाटतं आपलाच संच बिघडला. म्हणून संकलक पहिल्या स्वच्छ चौकटीपासून सुरुवात करतो, आणि त्या धूसर भागाबरोबर त्याच्या आधीचे तीन सेकंदही कापले जातात. इतर वाहिन्यांनी हीच कापलेली आवृत्ती पुढे चालवली. वर्षभर लोकांनी जी पाहिली, ती अशी.

म्हणजे चौघांवरचा खटला सिमी व्हॅलीच्या न्यायालयात उभा राहिला, तेव्हा बचाव पक्षाच्या हाती काय आलं, ते पाहा. ज्युरीतले लोक टीव्हीवरची फीत डोक्यात घेऊनच आले होते. तिथे त्यांना पूर्ण फीत दाखवली गेली. किंग उठतोय, झेपावतोय. जे आजवर आपल्याला कुणी दाखवलंच नाही ते आज दिसतंय, ही जाणीव माणसाच्या मनात काय करते याचा विचार करा. आधी जे पाहिलं त्या सगळ्याबद्दल संशय येतो. बचाव पक्ष म्हणाला, हा पोलिसावरचा हल्ला होता. सरकारी पक्ष म्हणाला, मार चुकवून पळायची धडपड होती. त्या तीन सेकंदांत दोन्ही अर्थ बसू शकतात, हे मी मान्य करतो. पण त्यापुढे मिनिटभराहून जास्त वेळ जे चाललंय त्याचं समर्थन त्या तीन सेकंदांतून निघत नाही, हे माझं मत आहे आणि ती फीत जितकी अधिक पाहिली तितकं ते पक्कं झालंय. तरीसुद्धा ती तेरा सेकंदं पहिल्या दिवसापासून लोकांसमोर असायला हवी होती. ती कापल्यामुळे सगळ्यात मोठा तोटा झाला तो किंगच्याच बाजूचा.

सांगलीच्या वाचकांच्या प्रश्नाचा हा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेतल्या व्हिडिओत एका सेकंदाला तीस चौकटी असतात. मारहाणीची म्हणून जी फीत ओळखली जाते ती ८१ सेकंदांची. म्हणजे साधारण २,४०० चौकटी. बचाव पक्षानं ही फीत ज्युरीपुढे चौकटी-चौकटीनं मांडली. बळाच्या वापरातला तज्ज्ञ म्हणून लॉस एंजेलिस पोलीस दलातलाच एक सार्जंट, चार्ल्स ड्यूक, साक्षीला उभा केला. गोठवलेली एकेक चौकट समोर ठेवून तो सांगत गेला. इथे गुडघा दुमडलाय, म्हणजे उठायची तयारी. इथे शरीर जमिनीपासून वर आलंय, म्हणजे धोका अजून आहे. इथे दंडुका खाली आला, फटका संपला. आता अधिकारी परिस्थिती जोखतोय. इथे पुन्हा हालचाल दिसली, म्हणून पुन्हा बळ वाढवावं लागलं. एका फटक्यापासून दुसऱ्या फटक्यापर्यंतचा काळ अगदी थोडा. पण पडद्यावर चौकट थांबलेली असते तेव्हा त्या काळाला मोजमापच उरत नाही. ज्युरीला वाटू लागतं की प्रत्येक फटक्याआधी कुणीतरी थांबून, पाहून, विचार करून निर्णय घेतलाय. धो-धो कोसळणाऱ्या पावसाचा एकेक थेंब चिमटीत धरून दाखवला, तर तो पाऊस आहे हे कुणाला पटणार?

चार्ल्स गुडविन या मानववंशशास्त्रज्ञानं या साक्षीचा बारकाईनं अभ्यास केला. १९९४ साली ‘अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिस्ट’मध्ये त्याचा ‘प्रोफेशनल व्हिजन’ हा निबंध आला. उत्खननाच्या जागी मातीचे थर ओळखायला शिकणारी विद्यार्थिनी आणि न्यायालयात फीत पाहायला शिकणारी ज्युरी या दोघांना त्यानं एकाच निबंधात शेजारी बसवलं. मातीतला रंगाचा फरक कोणता ‘खरा’ धरायचा हे जसं गुरू शिकवतो, तसंच या फितीत कशाकडे पाहायचं हे तज्ज्ञ शिकवतो. ड्यूकच्या साक्षीत सगळं लक्ष किंगच्या शरीरावर खिळवलं गेलं. त्याचा पाय, त्याचा हात, त्याची कंबर. मारणाऱ्यांची शरीरं चौकटीतच असतात, पण त्यांच्याकडे पाहायला कुणी सांगत नाही. जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हालचालीच मारहाणीचं कारण होऊन बसतात. मार खाणारा माणूस वेदनेनंही हलतो, ही साधी गोष्ट मग मागे पडते. हा निबंध अवघड नाही. या लेखमालेच्या वाचकांपैकी ज्यांना मिळवता येईल त्यांनी तो अवश्य वाचावा.

सिमी व्हॅलीबद्दल थोडं सांगायला हवं. खटला लॉस एंजेलिस परगण्यातून हलवून व्हेंचुरा परगण्यातल्या या शांत उपनगरात नेला होता. स्थानिक प्रसिद्धीमुळे निःपक्षपाती ज्युरी मिळणार नाही, हे कारण. तिथली वस्ती प्रामुख्यानं गोरी, आणि लॉस एंजेलिसमध्ये नोकरी करणारे कितीतरी पोलीस तिथे घर करून राहिलेले. ज्युरीत दहा गोरे, एक लॅटिनो आणि एक आशियाई. कृष्णवर्णीय एकही नाही. सात दिवस त्यांची चर्चा चालली. २९ एप्रिल १९९२ला दुपारी सव्वातीनच्या सुमारास निकाल आला. पॉवेलवरच्या एका आरोपाबाबत एकमत झालं नाही, बाकी सगळ्या आरोपांतून चौघेही निर्दोष. न्यायालयाबाहेर त्या वेळी ‘बॉयझ एन द हूड’चा दिग्दर्शक जॉन सिंगलटन उभा होता. या निकालानं बॉम्बची वात पेटवली, अशा अर्थाचं तो तिथेच बोलून गेला. पुढच्या काही तासांत शहर पेटलं.

आता ‘एलए ९२’कडे येतो. डॅनियल लिंडसे आणि टी. जे. मार्टिन यांच्या या चित्रपटात निवेदक नाही, मुलाखती नाहीत, हे आपण पाहिलं. सगळं जुनं चित्रण, आणि तेही वॉट्सच्या १९६५ सालच्या दंगलीपासून. गेल्या वेळी मी या पद्धतीचं तोंडभरून कौतुक केलं आणि ते आजही कायम आहे. पण निवेदक नाही म्हणजे चित्रपट कुणाची बाजू घेत नाही, असं जे काही वाचकांनी कळवलं, ते मला मान्य नाही. या चित्रपटात निवेदकाचं काम क्रम करतो. कोणत्या दृश्यानंतर कोणतं दृश्य, यातून दिग्दर्शक बोलतात. शिवाय संगीत बोलतं. डॅनी बेन्सी आणि सॉन्डर जुरियान्स यांचं पार्श्वसंगीत दमदार आहे, पण काही ठिकाणी मला ते जास्त झाल्यासारखं वाटतं. जळत्या दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज ऐकायचा असताना व्हायोलिन चढत जातात. ‘लेट द फायर बर्न’ या माहितीपटात चौकशी समितीपुढच्या साक्षींना जी मोकळी जागा मिळाली होती, ती इथे प्रत्येक वेळी मिळत नाही.

शिवाय या पद्धतीला एक मोठी किंमत मोजावी लागते. गाळलेल्या तेरा सेकंदांसारखी गोष्ट निवेदक नसलेल्या चित्रपटात सांगायची कशी? त्या काळातल्या कुणा वार्ताहरानं ती कॅमेऱ्यासमोर सांगितलेली असेल, तरच ती वापरता येते. जे चित्रणात नाही, ते चित्रपटात येऊ शकत नाही. जॉन रिडलीचा ‘लेट इट फॉल’ त्याच वर्षी, २०१७मध्ये आला. त्यात १९८२पासूनची दहा वर्षं आहेत आणि तेव्हाची माणसं आज समोर बसून बोलतात. त्यामुळे रिडलीला अशा गाठी सोडवता येतात. वेग आणि धग या बाबतीत मात्र ‘एलए ९२’च्या जवळपास तो जात नाही. मला विचाराल तर दोन्ही पाहावेत, आणि ‘एलए ९२’ आधी.

क्रमानं बोलण्याचं या चित्रपटातलं सगळ्यात धाडसी उदाहरण म्हणजे दुसरी फीत. हॉलिडेच्या चित्रणानंतर तेरा दिवसांनी, १६ मार्च १९९१ला, दक्षिण लॉस एंजेलिसमधल्या एम्पायर लिकर या दुकानात लताशा हार्लिन्स ही १५ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी मारली गेली. दुकान कोरियन कुटुंबाचं. संत्र्याच्या रसाची बाटली १ डॉलर ७९ सेंटची. मुलगी ती चोरतेय असा गल्ल्यावरच्या मालकिणीचा समज झाला. झटापट झाली. मुलीनं बाटली काउंटरवर ठेवली आणि पाठ फिरवली, तेवढ्यात मागून डोक्यात गोळी लागली. तिच्या हातात दोन डॉलरच्या नोटा होत्या. दुकानातल्या सुरक्षा कॅमेऱ्यानं हे सगळं टिपलं.

या कॅमेऱ्यामागे कुणी माणूस उभा नव्हता. तो हलला नाही, त्याचा फोकस सुटला नाही. भिंतीवरच्या एका जागेवरून तो नुसता पाहत राहिला. ज्युरीनं मालकिणीला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. या गुन्ह्याला १६ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता. नोव्हेंबर १९९१मध्ये न्यायाधीश जॉइस कार्लिन यांनी शिक्षा सुनावली ती पाच वर्षं देखरेखीची, ४०० तास समाजसेवेची आणि ५०० डॉलर दंडाची. प्रत्यक्ष तुरुंगवास नाही. अपील न्यायालयानं ही शिक्षा कायम केली ती २१ एप्रिल १९९२ला, म्हणजे सिमी व्हॅलीच्या निकालाच्या बरोबर आठ दिवस आधी. दंगलीच्या कितीतरी कहाण्यांतून ही तारीख गळून पडते. किंगची फीत, मग निकाल, मग जाळपोळ, अशी सरळ रेघ ओढली की गोष्ट सांगायला सोपी जाते. पण मग पेटवणाऱ्यांचा मोर्चा कोरियन दुकानांकडेच का वळला, हे कळत नाही. लिंडसे आणि मार्टिन यांनी लताशाला तिची जागा दिली, आणि एवढ्या एका निर्णयासाठी मी त्यांचे बाकी सगळे दोष माफ करतो.

तिसरा कॅमेरा आकाशातला. २९ एप्रिलची संध्याकाळ, फ्लोरेन्स आणि नॉर्मंडी या रस्त्यांचा चौक. जमाव वाढला म्हणून पोलिसांना तिथून माघार घ्यायला सांगितलं गेलं, आणि कितीतरी वेळ ते परत आलेच नाहीत. पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स त्या वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, ब्रेंटवुडमध्ये, एका निधी-संकलनाच्या कार्यक्रमात होते. पोलीसप्रमुखाच्या अधिकारांना लगाम घालणाऱ्या प्रस्तावाविरुद्धचा तो निधी. चौकावर हेलिकॉप्टरं घिरट्या घालत होती. रेजिनाल्ड डेनी या गोऱ्या ट्रकचालकाला केबिनमधून खाली ओढून कसं मारलं, हे अमेरिकेनं घरबसल्या त्याच क्षणी पाहिलं. वरून पाहताना माणसांचे चेहरे नीट दिसत नाहीत, खालचा आवाज ऐकू येत नाही. ऐकू येतो तो हेलिकॉप्टरमधल्या वार्ताहराचा. तो पुन्हा पुन्हा विचारत असतो, की पोलीस कुठे आहेत? हॉलिडेच्या फितीत पोलीस नको इतके होते आणि इथे एकही नाही. दोन्ही चित्रणं एकापाठोपाठ पाहिली की त्या शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीचं पोलिसांशी असलेलं नातं ध्यानात येतं, आणि त्यासाठी खरोखरच निवेदकाची गरज लागत नाही.

त्या प्रक्षेपणामुळे आणखी एक गोष्ट घडली. आसपास राहणाऱ्या चार कृष्णवर्णीय रहिवाशांनी हे टीव्हीवर पाहिलं. ते घरातून उठून त्या चौकात गेले आणि डेनीला त्याच्याच ट्रकमधून रुग्णालयात पोचवलं. डेनी वाचला. चित्रण करणारं हेलिकॉप्टर वर होतं, त्याला खाली उतरता येत नव्हतं. पण त्यानं दाखवलं म्हणून ही चौघं तिथे पोचली. दंगलीचं चित्रण करणाऱ्यांवर नुसते बघे म्हणून जो आरोप होतो, त्यावर विचार करताना हा प्रसंग मला नेहमी आठवतो.

आणि या चित्रणाची मालकी? डेनीवरच्या हल्ल्याचं सगळ्यांना परिचित असलेलं दृश्य लॉस एंजेलिस न्यूज सर्व्हिस या छोट्या खासगी संस्थेचं. कॅमेरा मरिका जेरार्ड यांच्या हाती होता. केसीएएल या वाहिनीनं परवानगीशिवाय ते दाखवलं, म्हणून संस्थेनं खटला भरला. बातमीसाठीचा हा न्याय्य वापर आहे, असं वाहिनीचं म्हणणं. खालच्या न्यायालयानं ते मानलं, पण १९९७मध्ये अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. हॉलिडेनंही वाहिन्यांवर १० कोटी डॉलरचा दावा लावला होता, तो १९९३मध्ये फेटाळला गेला. जुन्या चित्रणाच्या माहितीपटांचं कौतुक करताना आपण हे विसरतो. इथे एकेक सेकंद कुणाच्या तरी मालकीचा असतो, त्याचे पैसे मोजावे लागतात, कधी महिनोन् महिने पत्रव्यवहार करावा लागतो. नॅशनल जिऑग्राफिकसारखी संस्था पाठीशी असली की ते जमतं. एकट्यादुकट्या दिग्दर्शकाच्या चित्रपटात एखादं महत्त्वाचं दृश्य नसेल, तर ते त्याला सुचलं नाही असं लगेच समजू नये.

पुन्हा सांगलीकरांच्या प्रश्नाकडे. त्यांनी अर्धं आयुष्य साक्षी टिपून घेण्यात घालवलंय, म्हणून पुढची हकिकत त्यांना नक्की रुचेल.

सहा दिवसांच्या त्या दंगलीत साठहून अधिक माणसं गेली, नुकसान एक अब्ज डॉलरच्या घरात गेलं. त्यानंतर केंद्र सरकारनं त्याच चौघांवर किंगच्या नागरी हक्कांच्या उल्लंघनाचा नवा खटला भरला. फीत तीच, ८१ सेकंदांची. बदलली ती मांडणी. पहिल्या खटल्यात सरकारी पक्षाची मुख्य भिस्त फितीवर होती. जे घडलं ते दिसतंच आहे, आता वेगळं काय सांगायचं, असा काहीसा विश्वास त्यामागे होता. किंगला साक्षीला बोलावलंच नव्हतं. या वेळी तो साक्षीला उभा राहिला. शिवाय केंद्राच्या वकिलांनी लॉस एंजेलिस पोलीस दलातलाच दुसरा सार्जंट, मार्क कॉन्टा, तज्ज्ञ म्हणून आणला. ड्यूकनं जे केलं तेच यानंही केलं. चौकटी थांबवल्या, बोट ठेवून दाखवलं. फरक इतकाच, की तो पोलिसांकडे पाहायला शिकवत होता. इथवर नियमात बसतं, इथून पुढे नाही, इथून पुढे मुळीच नाही. १७ एप्रिल १९९३ला सकाळी निकाल लागला. कून आणि पॉवेल दोषी, विंड आणि ब्रिसेनो निर्दोष. दोषी ठरलेल्या दोघांना तीस-तीस महिन्यांची शिक्षा झाली.

तेव्हा ज्युरीला फितीत काय दिसलं, तर जे पाहायला शिकवलं गेलं ते दिसलं. दुसऱ्या ज्युरीत दोन कृष्णवर्णीय सदस्य होते, ही बाबही महत्त्वाची आहेच. पण पाहायला शिकवणारा माणूस बदलला, याचं वजन मी कमी मानत नाही. आपल्या या लेखमालेत पुढे जे चित्रपट येणार आहेत ते पाहताना प्रत्येक जुन्या दृश्यापाशी तीन गोष्टी विचारायची सवय लावून घ्या. कॅमेरा कुठे होता? चित्रण कुठून सुरू झालं आणि त्याआधी काय होतं? आणि आत्ता चौकटीतल्या कोणाकडे मी पाहतोय, कोणाकडे पाहत नाहीय?

कोरियाटाउन आता पुढच्या आठवड्यात, आणि ते मी आणखी पुढे ढकलणार नाही. सुमारे २,२०० कोरियन दुकानं लुटली किंवा जाळली गेली. पोलीस न आल्यामुळे छपरांवर बंदुका घेऊन उभे राहिलेले दुकानदार टीव्हीनं पुन्हा पुन्हा दाखवले, आणि त्याच दुकानांत दिवसाला बारा-चौदा तास राबणाऱ्या बायका मात्र फारशा दाखवल्या नाहीत. त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन गेली ती डे सिल किम-गिब्सन. तिचा ‘साईगू’ १९९३ सालचा, छोटा आणि थोड्या पैशांत केलेला. ‘एलए ९२’मधली छपरांवरची दृश्यं तेवढी पुन्हा एकदा पाहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी थेट त्यांच्यापासूनच सुरुवात करता येईल.